मार्गारीटासाठी टकीला कोणती?

मार्गारीटात मुख्य घटक तीनच: टकीला, संत्र्याचं लिक्युअर आणि लिंबाचा ताजा रस. त्यामुळे टकीलाची निवड चुकली तर ती लपत नाही.

टकीला बनते निळ्या अगेव्हपासून. आपल्या घायपाताच्या कुळातली ही वनस्पती मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात आणि आणखी ४ राज्यांतल्या ठरावीक भागांत टकीलासाठी पिकवतात. ती तयार व्हायला काही वर्षं जावी लागतात. पानं छाटून उरलेला भलामोठा गड्डा शिजवला की त्यातल्या फ्रुक्टनची साखर होते. ती आंबवून, ऊर्ध्वपातन करून टकीला मिळते.

बाटलीवर आधी '१०० टक्के अगेव्ह' ही अक्षरं शोधा. ती नसतील तर अगेव्हची साखर ५१ टक्क्यांपर्यंत कमी असू शकते आणि बाकीची उसासारख्या दुसऱ्या पिकाची.

मग पाहा वय. 'ब्लांको' सहसा लाकडात न मुरवताच बाटलीत भरतात. 'रेपोसादो' ओक लाकडाच्या पिंपात किमान २ महिने मुरते, तर 'अन्येहो' किमान १ वर्ष. ओकमुळे रंग येतो, व्हॅनिलाची छटा उतरते. पण लिंबाच्या आंबटपणापुढे हे नाजूक स्वाद दबतात. ब्लांकोचा मिरीसारखा झणका आणि हिरवा, ताजा गंध मात्र लिंबाशी छान जुळतो.

म्हणून मार्गारीटासाठी पहिली पसंती ब्लांकोला. चव जरा मऊ हवी असेल तर रेपोसादो घ्या. महागडी अन्येहो नुसतीच, सावकाश चाखावी. वर्षानुवर्षांच्या त्या मेहनतीचा मान त्यातच आहे.