मधल्या भाकरीचा पुरावा

यहुद्यांच्या वल्हांडण सणातल्या बेखमीर भाकरीचे सगळे काम घड्याळाच्या धाकात चालते. पिठाला पाणी लागले की 18 मिनिटांच्या आत ती मळून, लाटून, टोचून भट्टीतून बाहेर यायला हवी. उशीर झाला तर पीठ आंबू लागले असे परंपरा मानते. भोके पाडायची ती वाफ निघून जावी आणि भाकरी फुगू नये म्हणून. भोकांच्या ओळींमधला उंचवटा भट्टीत करपतो आणि तपकिरी पट्टे उमटतात. येशूला मसीहा मानून तोरातले, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रातले, सण पाळणारे मसीही यहुदी अनेकदा या भोकांत आणि पट्ट्यांत यशयाच्या 53व्या अध्यायातला घायाळ सेवक पाहतात. सेदरच्या, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीच्या विधिवत भोजनाच्या, तीन भाकरींतली मधली मोडायची, तिचा तुकडा फडक्यात गुंडाळून लपवायचा आणि जेवणानंतर शोधून खायचा. त्यांच्या लेखी हे पुत्राचे मरण, दफन आणि पुनरुत्थान.

अर्थ हृद्य आहे, पण तो येशू मसीहा असल्याचा पुरावा म्हणून पुढे केला की लंगडा पडतो. भोकांच्या आजच्या सरळसोट ओळी यंत्राच्या, आणि ती यंत्रे एकोणिसाव्या शतकातली. 12व्या शतकातला यहुदी धर्मपंडित मायमोनिडीज याच्या रीतीत भाकरी दोनच. तिथे ‘मधली’ कुठून आणणार? सेदरचा क्रमही मुख्यतः इ.स. 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यानंतर रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, हातून घडला. गंमत अशी की मसीही यहुद्यांतले बरेच जण लेवीयच्या 11व्या अध्यायाप्रमाणे डुक्कर, कोळंबी, खेकडे टाळतात, पण मांस आणि दूध वेगळे ठेवणे मात्र रब्बींचा नियम म्हणून सोडतात. स्वयंपाकघरात नाकारलेले रब्बी सणाच्या ताटावर मुकाट्याने परत येतात.

यावर कोणी म्हणेल, चिन्हाला जन्मदाखला कशाला मागता? सणांना नवे अर्थ चिकटतच असतात. कबूल, पौलानेही करिंथकरांना जुने खमीर काढून टाका असे लिहून तेच केले. पण त्याचा आधार खमीर काढण्याची आज्ञा होती, आणि ती निर्गमच्या 12व्या अध्यायात स्पष्ट आहे. ती किती चिवट आहे हे कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांकडे पाहून कळते. ते मसीही नव्हेत. ग्रंथांपासून दीर्घकाळ तुटले होते, तरी वल्हांडणाच्या दिवसांत आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवायची रीत त्यांनी जपली. ना तीन भाकरी, ना लपवलेला तुकडा.

तेव्हा मसीही सेदर चालवणाऱ्यांनी मधल्या भाकरीचा अर्थ जरूर सांगावा, फक्त तो आपला म्हणून सांगावा. यहुद्यांनी नकळत जपलेली साक्ष म्हणून तो मांडणे इतिहासाला धरून नाही.