तासांवर शिकवणं: झाशीत आणि कुठेही

आजचा विषय आहे तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवणं. महाराष्ट्रात आपण याला 'सीएचबी' म्हणतो. पण आज उदाहरणासाठी आपण झाशीला जाणार आहोत. झाशी, ग्वाल्हेर, सागर, इंदूर या भागांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शिवाय झाशी हे रेल्वेचं आणि लष्कराचं मोठं ठाणं असल्यामुळे जोडीदाराच्या बदलीनिमित्त तिथे जाणारेही असतात. पुण्यात किंवा नागपुरात एम.ए., एम.एस्सी. केलेलं, सेट पास झालेलं माणूस तिथे पोचतं आणि बुंदेलखंडातल्या एखाद्या कॉलेजात तासांवर शिकवू लागतं. सुरुवातीलाच चार गोष्टी नीट विचारल्या नाहीत, तर पाच-सात वर्षं निघून जातात आणि पुढच्या मुलाखतीत त्या वर्षांना किंमत मिळत नाही. म्हणून त्या चार गोष्टी आज पाहू.

आधी शब्द समजून घ्या

लिपी तीच, शब्दही ओळखीचे, पण अर्थ निराळा, ही हिंदी प्रदेशातली पहिली अडचण. जाहिरातीत 'प्रवक्ता' दिसलं तर तो पक्षाचा प्रवक्ता नव्हे, तो अध्यापक. आपलं मानधन म्हणजे तिकडचं 'मानदेय'. आपण 'विद्यापीठाची मान्यता मिळाली का' असं विचारतो, तिकडे 'अनुमोदन' झालं का विचारतात. 'स्ववित्तपोषित' म्हणजे विनाअनुदानित. सगळ्यात फसवा शब्द म्हणजे 'संशोधन'. हिंदीत त्याचा अर्थ दुरुस्ती. आपल्या संशोधनाला तिकडे 'शोध' म्हणतात. अर्जात 'माझं संशोधन' असं लिहिलंत, तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. वर्गातही 'शिक्षा', 'अभ्यास', 'चेष्टा' हे शब्द जपून वापरा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, अभ्यास म्हणजे सराव आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न!

झाशीपासून दतिया जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर, पण ते मध्य प्रदेशात. तिथल्या सरकारी कॉलेजात हेच काम करणाऱ्याला 'अतिथी विद्वान' म्हणतात. राज्य बदललं की शासन निर्णय, दर आणि अर्जाची पद्धत, सगळंच बदलतं. म्हणून 'माझ्या मैत्रिणीला तिकडे इतके मिळतात' या माहितीवर विसंबू नका. तुमच्या राज्याचा, तुमच्या विद्यापीठाचा लागू आदेश कोणता, ते विचारा.

पहिली गोष्ट: पात्रता

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकासाठी साधारणपणे पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट लागते. यात मराठी उमेदवारांची गफलत होते ती सेटची. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र व गोव्यासाठी असते. १ जून २००२ नंतरची सेट ज्या राज्याची, त्याच राज्यात चालते. म्हणजे कोल्हापुरात पात्र असलेला उमेदवार झाशीत केवळ त्या सेटवर पात्र ठरत नाही. नेट मात्र देशभर चालते. तेव्हा बदलीची नोकरी असलेल्या घरात नेट देऊन ठेवणं शहाणपणाचं. सेट आहे म्हणून अभ्यास थांबवू नका.

दुसरी गोष्ट: नेमणूक कोणत्या प्रकारची?

बाहेरून सगळे सारखेच दिसतात. तोच वर्ग, तोच फळा, विद्यार्थी सगळ्यांना 'सर', 'मॅडम'च म्हणतात. कागदावर मात्र तीन वेगळे प्रकार असतात. एक, तासाप्रमाणे मानधन घेणारा अतिथी अध्यापक. दोन, ठरावीक मुदतीसाठी दरमहा वेतन घेणारा कंत्राटी अध्यापक. तीन, विनाअनुदानित अभ्यासक्रमाला विद्यापीठाच्या अनुमोदनाने नेमलेला अध्यापक. आपण यातले कोण, हे पहिल्याच दिवशी माहीत हवं.

याचं कारण आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत आहे. पुढे कायम नोकरी लागल्यावर आधीची तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा धरली जाऊ शकते, पण त्याला अटी आहेत. त्यातल्या तीन मुख्य. नेमणुकीच्या वेळी पूर्ण पात्रता असावी. नेमणूक रीतसर निवड समितीच्या शिफारशीने झालेली असावी. आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावं. ही तिसरी अट तासांवर शिकवणाऱ्याला बहुधा पूर्ण करताच येत नाही. थोडक्यात, दहा वर्षं तासांवर शिकवलंत म्हणून ती दहा वर्षं पुढच्या सेवेत जोडली जातील, असं धरून चालू नका. अनुभव म्हणून त्यांचा उपयोग होईल की नाही, ते त्या त्या जाहिरातीवर आणि तुमच्याकडच्या कागदांवर ठरतं.

तिसरी गोष्ट: पैशांचा खरा हिशेब

आयोगाने जानेवारी २०१९मध्ये अतिथी अध्यापकांसाठी सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दर तासिकेला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असं मानधन सांगितलं आहे. म्हणजे महिन्याला ३३ तासिका झाल्या की मर्यादा जवळपास गाठली. प्रत्यक्षात राज्यं आणि संस्था आपापले दर लावतात, आणि ते पुष्कळदा याहून बरेच कमी असतात.

तासाचा दर ऐकायला बरा वाटतो, म्हणून तो वर्षावर मांडून बघा. समजा, दर ५०० रुपये आहे, आठवड्याला ८ तासिका आहेत आणि सुट्ट्या-परीक्षा वगळून वर्षात २६ आठवडे प्रत्यक्ष शिकवणं होतं. एकूण तासिका २०८, मानधन १,०४,००० रुपये. बारा महिन्यांत वाटलं तर महिना ८,६६६ रुपये. आता एका तासिकेमागे तयारी आणि जाणं-येणं धरून तीन तास जात असतील, तर तासाला १६७ रुपये पडले. त्यातून प्रवासखर्च वजा करा. हा आकडा पाहून काम सोडाच, असं मी म्हणत नाही. पण दोन कॉलेजांत धावपळ करावी, की एकाच ठिकाणी शिकवून उरलेला वेळ नेटला किंवा पीएच.डी.ला द्यावा, हे ठरवायला तो आकडा लागतो.

होकार देण्याआधी चार प्रश्न विचारा. पेपर तपासणीचे आणि परीक्षेतल्या देखरेखीचे पैसे वेगळे मिळतात का? संस्थेच्या कारणाने तास बुडाला तर काय? पैसे दरमहा मिळतात की सत्र संपल्यावर? कर कापला जातो का? मानधन व्यावसायिक शुल्क म्हणून दिलं गेलं, तर त्यातून १० टक्के कर कापला जाऊ शकतो. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. अनेक जण ते भरतच नाहीत, आणि महिनाभराची कमाई सरकारजमा राहते.

चौथी गोष्ट: कागद

एक फाईल करा. त्यात जाहिरातीची प्रत, मुलाखतीचं पत्र, नियुक्तिपत्र, विद्यापीठाचं अनुमोदन, वेळापत्रक, मानधनाची बिलं आणि बँकेच्या नोंदी ठेवा. स्वतःची एक वहीही हवी. तारीख, वर्ग, विषयाचा भाग, किती वाजता सुरू, किती वाजता संपला. बिल अडलं तर ही वहीच कामाला येते.

अनुभवाचं प्रमाणपत्र दरवर्षी, सत्र संपताच घ्या. प्राचार्य बदलतात, कारकून निवृत्त होतात, आणि सहा वर्षांपूर्वीची नोंद कुणाला सापडत नाही. प्रमाणपत्रात विषय, वर्ग, कालावधी आणि नेमणुकीचा प्रकार स्पष्ट हवा. नुसतं 'यांनी आमच्याकडे शिकवलं' असं असलं, तर ते छाननीत टिकत नाही. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात मंजूर पदं किती, रिक्त किती, मानधनाचा लागू आदेश कोणता, हे माहिती अधिकारात विचारता येतं. साधारणपणे शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवसांची.

मग किती वर्षं?

'पुढच्या वर्षी जागा निघेल, तुम्हीच आहात' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाही असेल, पण जागा भरणं त्याच्या हातात नसतं. उत्तर प्रदेशात अनुदानित कॉलेजांतली कायम पदं राज्याच्या आयोगामार्फत भरली जातात. सर्वोच्च न्यायालयाने २००६च्या उमादेवी प्रकरणात स्पष्ट केलं, की केवळ बराच काळ तात्पुरतं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. दुसरीकडे २०१६च्या जगजीत सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने 'समान कामाला समान वेतन' हे तत्त्व तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही लावलं. म्हणजे योग्य वेतन मागायला आधार आहे, पण नुसती वाट पाहून जागा मिळेल याला आधार नाही.

म्हणून मुदत स्वतः ठरवा. दोन वर्षं म्हणा, तीन म्हणा. तेवढ्या काळात नेट पूर्ण करायची, पीएच.डी.ची नोंदणी करायची, आयोगाच्या जाहिरातीला अर्ज करायचा. मुदत संपली की फाईल उघडून बसा आणि घरच्यांबरोबर हिशेब मांडा. पुढे जायचं असेल तर ठरवून जा, सवयीने नको.

तुमच्या ओळखीत यंदा पहिल्यांदाच तासांवर रुजू होणारं कुणी असेल, तर हा भाग त्यांना आजच पाठवा. नियुक्तिपत्र मागायची योग्य वेळ पहिला तास घेण्याच्या आधीची असते. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.