बाळाचा श्रीगणेशा

घरांतील मूल अडीच-तीन वर्षांचें झालें, बोबडें कां होईना पण भराभर बोलूं लागलें, कीं वडील माणसांना त्याच्या शिक्षणाची घाई होते. चार पाहुण्यांदेखत "आमच्या बाळाला मुळाक्षरें येतात" असें सांगण्यांत जें सुख आहे तें आम्हांसही ठाऊक आहे. आणि त्या सुखाची किंमत कोणाला द्यावी लागते, हेंही उशिरा कां होईना आम्हांस कळलें आहे. तो घरचा अनुभव आधीं सांगतों.

आमचा थोरला नातू तीन वर्षांचा होतांच आम्हीं त्याच्यासाठीं पाटी-पेन्सिल आणली. रोज सकाळीं पूजा आटोपल्यावर त्याला मांडीवर घ्यावें, त्याची मूठ आपल्या मुठींत धरावी, आणि 'अ' गिरवून घ्यावा, असा क्रम ठेविला. चार दिवस त्याला मौज वाटली. पुढें तो हात सैल सोडी, मग ओढून घेई, मग रडूं लागे. "लबाड आहे, टाळाटाळ करतो," असा निकाल आम्हीं देऊन टाकला. एके दिवशीं पाटी सांपडेना. सारें घर धुंडाळल्यावर ती कोठीच्या खोलींत तांदळाच्या डब्यामागें मिळाली. तीन वर्षांच्या पोरानें ती लपवून ठेविली होती! त्या वेळीं आम्ही पोट धरून हसलों. परंतु पुढें दोन वर्षें कोणाच्या हातांत पुस्तक दिसलें कीं तो उठून जाऊं लागला, तेव्हां तें हसूं मावळलें. ज्या घरांत पुस्तकांचीं कपाटें छताला भिडलीं आहेत, त्याच घरांत अक्षराचें भय आम्हीं आपल्या हातानें पेरलें होतें.

धाकट्या नातीची वेळ आली तेव्हां सूनबाईंनीं नम्रपणें पण स्पष्ट सांगितलें, "मामंजी, हिला एवढ्यांत पाटी देऊं नका." त्यांनीं एका ताटांत मूठभर रवा पसरला, त्यांत बोटानें एक उभी रेघ ओढली, आणि ताट मुलीपुढें सरकवून त्या आपल्या कामाला लागल्या. मुलीनें रेघ ओढली, ताट हलवून पुसली, पुन्हां ओढली. अर्धा तास तिला कोणी हांक मारली नाहीं, आणि तिनेंही कोणाला मारली नाहीं.

हा कांहीं नवा शोध नव्हे. पंतोजींच्या शाळेंत लांकडी फळीवर धूळ पसरून मुलें बोटानें किंवा काडीनें अक्षरें काढीत. 'धुळाक्षरें' हा शब्द त्या धूळपाटीवरूनच आला, आणि आजही कोणत्याही विद्येच्या आरंभींच्या पाठांना आपण तोच शब्द लावतों. पहिल्या शतकांतील रोमन पंडित क्विंटिलियन यानेंही लहान मुलांना हस्तिदंती अक्षरें खेळावयास द्यावींत अशी शिफारस केली आहे. पुढें त्याच रोम शहरांत, सान लोरेंझो या गरिबांच्या वस्तींत, १९०७ सालीं डॉ. मारिया माँटेसरी यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथें गुळगुळीत पुठ्ठ्यावर खरखरीत कागदाचीं अक्षरें चिकटविलेलीं असत. मूल दोन बोटें अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेनें फिरवी आणि त्याचा ध्वनि उच्चारी. डोळा, कान आणि बोट अशा तीन वाटांनीं तें अक्षर आंत जाई. १९३९ सालीं माँटेसरीबाई स्वतः मद्रासेजवळ अड्यार येथें आल्या. परंतु त्याच्याही आधीं १९२० मध्यें भावनगरला गिजुभाई बधेका यांनीं बालमंदिर सुरू केलें होतें. तेथें त्यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें व नंतर कोसबाड येथें आदिवासी मुलांसाठीं हीच विद्या पानें, फुलें, खडे, शिंपले अशा फुकटच्या साधनांनीं चालविली. तेव्हां ही गोष्ट श्रीमंतांच्या मुलांची आहे, महागडीं साधनें आणावीं लागतात, अशी शंका कोणी घेऊं नये.

आतां यांतील शास्त्र पाहूं. मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्माच्या वेळीं तीं हाडें म्हणून बनलेलींच नसतात, सारी मऊ कूर्चा असते. आणि आठही हाडें दिसूं लागावयास वयाचीं दहा-बारा वर्षें लागतात. बोटांच्या बारीक स्नायूंवर ताबाही हळूहळूच येतो. अशा हाताला बारीक पेन्सिल चिमटींत धरून ठरलेल्या जागेंत वळण काढावयास लावणें म्हणजे नुकत्याच उभ्या राहणाऱ्या मुलाला पर्वतीच्या पायऱ्या चढावयास लावणें होय. आमचा नातू लबाड नव्हता. तो थकत होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१२ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. अद्याप वाचतां न येणाऱ्या पांच वर्षांच्या मुलांकडून कांहीं अक्षरें त्यांनीं मोकळ्या हातानें काढविलीं, कांहीं गिरवून घेतलीं, कांहीं यंत्राच्या कळा दाबून उमटविलीं. नंतर तीं अक्षरें मुलांना दाखवून मेंदूचीं चित्रें घेतलीं. वाचतांना मेंदूचे जे भाग जागे होतात, ते विशेषेंकरून मोकळ्या हातानें काढलेल्या अक्षरांच्या वेळीं जागे झालेले दिसले. म्हणजे मुलानें स्वतः काढलेलें वेडेंवांकडें 'ग' हें आपण त्याची मूठ धरून काढविलेल्या सुबक 'ग'पेक्षां अधिक शिकवितें. हें वाचलें त्या दिवशीं आम्हांला आमची ती घट्ट मूठ आठवली.

घरीं काय करावें, तें आतां थोडक्यांत सांगतों. प्रथम अक्षर नकोच. उभी रेघ, आडवी रेघ आणि गोल, एवढेंच रव्यांत किंवा तांदळाच्या पिठांत काढूं द्यावें. पोळ्या चालल्या असतां कणकेचा गोळा द्यावा व त्याच्या लांब वळ्या करून वळणें जोडूं द्यावींत. उन्हाळ्यांत ओल्या बोटानें फरशीवर अक्षर काढावें आणि तें वाळून नाहींसें होतांना पाहावें. मुलांना याची विलक्षण गंमत वाटते. सुतार ज्या खरखरीत कागदानें लांकूड घासतात, त्याचीं वीतभर अक्षरें कापून पुठ्ठ्यावर डकवावींत. एका वेळीं दोनच अक्षरें घ्यावींत, आणि तीन पायऱ्यांनीं चालावें: "हा क, हा म", मग "म कोठें आहे, दाखव", आणि शेवटीं "हा कोणता?" तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलें नाहीं तर रागावूं नये, हंसून पहिल्या पायरीवर यावें.

अक्षरांच्या क्रमाविषयीं एक सूचना करावीशी वाटते. आपली वर्णमाला कानासाठीं रचलेली आहे. कंठापासून निघून तालु, मूर्धा, दांत असें करीत ध्वनि ओठांपर्यंत येतात; म्हणून ती म्हणून घ्यावी, तिची चाल कानांत बसूं द्यावी. हाताचा क्रम मात्र आकाराचा असावा. 'व' काढतां आला कीं त्याच्या पोटांत रेघ दिली म्हणजे 'ब' होतो, आणि उजवीकडे वळण दिलें म्हणजे 'क'. 'प'च्या पोटांत रेघ दिली तर 'ष', उजवीकडे वळण दिलें तर 'फ'. एका अक्षरांतून दुसरें निघतांना पाहून मूल टाळ्या पिटतें. आणखी एक सोय आपल्या भाषेंत आहे: अक्षराचें नांव तोच त्याचा ध्वनि. इंग्रजींत 'डब्ल्यू' म्हणावें आणि उच्चारावें 'व', तसा घोटाळा येथें नाहीं. म्हणून स्वयंपाकघरांत "प नें सुरू होणारें काय काय आहे?" असें विचारतांच पोळी, पळी, पाट, परात हीं आपोआप पुढें येतात.

सावधगिरीही हवी. शेंगदाणे, हरभरे, मणी यांचीं अक्षरें मांडण्याचा मोह लहान मुलांच्या बाबतींत टाळावा. असे दाणे नाकांत जातात, श्वासनलिकेंत अडकतात, आणि जिवावर बेततें. रांगोळी ही दगडाची भुकटी आहे. ती डोळ्यांत व छातींत जाते, म्हणून तीही नको. मोबाइलवर अक्षरें नाचतात खरीं, परंतु कांच सर्वत्र सारखीच गुळगुळीत. बोटाला तेथें कांहीं सांपडत नाहीं. मुलानें 'ग' उलटा काढला तर घाबरूं नये. सहा-सात वर्षांपर्यंत असें होणें स्वाभाविक आहे. आणि खेळ नेहमीं मुलाला कंटाळा येण्यापूर्वींच आवरावा.

आमची नात आतां चार वर्षांची आहे. परवां दुपारीं ती ताट घेऊन बसली असतां, दुसरींत गेलेला तिचा दादा हळूच समोर येऊन बसला. त्यानें रव्यांत बोटानें 'क' काढला आणि विचारलें, "हा कोणता?" आम्ही दाराआड उभे राहिलों, आंत गेलों नाहीं. त्याचें भय पुरतें गेलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या दुपारीं त्याचा हात कोणी धरला नव्हता.

येत्या दसऱ्याला नातीला पाटी द्यावयाची असें ठरलें आहे. त्या दिवशीं पाटीवर जी सरस्वती काढतात, ती एकाच्या आंकड्यांनींच उभी राहते. मुलाच्या हाताला प्रथम काय साधतें, हें आपल्या पूर्वजांना ठाऊक असावें. घाई झाली आहे ती आपल्याला.