अल्कोहोल इंजेक्शनचा स्विच: वायर कुठून कुठे न्यायची?

मे महिन्यात यवतमाळचा पारा 44-45 अंशांवर जातो. टर्बोमध्ये दाबलेली हवा त्याहून कितीतरी गरम होते आणि पेट्रोल इंजिनात नॉकिंग सुरू होतं. पाणी आणि मिथेनॉल या अल्कोहोलचा बारीक फवारा ही हवा थंड करतो. 1962 च्या ओल्ड्समोबाइल जेटफायर कारमध्ये ही सोय कारखान्यातूनच आली होती!

हा फवारा मारणाऱ्या पंपाचा करंट थेट डॅशबोर्डच्या छोट्या स्विचमधून नेऊ नये. स्विच वितळू शकतो. त्यासाठी रिले हवा.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जवळच फ्यूज, तिथून रिलेची 30 नंबरची पिन आणि 87 वरून पंप. 86 ला इग्निशन ऑन असतानाच वीज मिळणाऱ्या लाइनवरून स्विचमार्गे वायर, 85 ला अर्थिंग. चावी काढली की पंपही बंद.

ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, ट्यूनिंग फवारा गृहीत धरून केलेलं असेल, तर स्विच बंद ठेवून पूर्ण बूस्टवर गाडी पळवणं इंजिनाला घातक ठरतं. म्हणून पंप चालू असल्याचा दिवा नजरेसमोर हवा.

मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील असतं, त्वचेतूनही शरीरात जातं. पहिली चाचणी नुसत्या पाण्यावर घ्यावी, गळती तपासावी आणि मिश्रण भरताना हातमोजे घालावेत.