सडी स्वारी, सात किलोंची

मराठ्यांच्या फौजेत 'सडी स्वारी' हा नेहमीचा शब्द होता. तंबू, बाजार, बायकापोरे, जड तोफा यांतले काहीही बरोबर न घेता घोडा, हत्यार आणि बांधून घेतलेली शिधोरी एवढ्यावर निघालेली तुकडी म्हणजे सडी स्वारी. लढणारा घोडेस्वार तो राऊत. फौजेबरोबर चालणारी, रोज खाणारी, पण न लढणारी गर्दी म्हणजे बुणगे. १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावांनी निजामाला पाण्यावाचून कोंडीत पकडले ते सड्या घोडदळाच्या वेगामुळे. त्या वेगापुढे निजामाचा जड तोफखाना निरुपयोगी ठरला. पुढे १७६१ मध्ये पानिपतावर मात आपल्याच छावणीत न लढणाऱ्यांची प्रचंड गर्दी होती. पराभवाची कारणे अनेक आहेत, पण रसद तुटल्यावर एवढ्या तोंडांना धान्य पुरले नाही, हे त्यातले एक मोठे कारण. रोमन लोक तर फौजेच्या सामानसुमानाला 'इम्पेडिमेंटा' म्हणत, म्हणजे अडथळे.

हा इतिहास आता आठवण्याचे कारण असे, की आम्हा बारावीच्या मुलांना एसएसबीच्या मुलाखतीच्या तारखा येऊ लागल्या आहेत. माझी मुलाखत जानेवारीत भोपाळला आहे. शाळेतून बसने काल्क्याला, तिथून रेल्वेने दिल्ली, दिल्लीहून भोपाळ, आणि सगळे आटोपल्यावर गोवा एक्सप्रेसने घरी मिरजेला. प्रवास एकट्याने करायचा आहे. स्टेशनावर सामानाजवळ थांबायला कोणी नसणार, म्हणून पाणी आणायला किंवा स्वच्छतागृहात जातानाही सगळे सामान अंगावर हवे. त्यामुळे बॅग एकच, आणि ती पाठीवर मावेल अशी.

यात आणखी एक अडचण आहे. पहिल्या दिवशीच्या चाळणीत ज्याचा क्रमांक पुकारला जात नाही, त्याला त्याच दिवशी सामान उचलून परत फिरावे लागते. क्रमांक आला तर पुढचे दिवस राहायचे. शेवटी शिफारस झाली तर वैद्यकीय तपासणीसाठी आणखी काही दिवस. शाळेतून निघताना या तिन्हींपैकी काय होणार हे माहीत नसते, आणि बॅग तिन्हींसाठी भरायची असते. दहा दिवस लागतील म्हणून दहा दिवसांचे कपडे भरले, तर बॅग उचलवणार नाही. यावर उपाय एकच, तीन दिवसांचे कपडे घ्यायचे आणि ते रोज धुवायचे. सामान निवडण्याचे पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

सात किलो कशासाठी?

रेल्वेत स्लीपरच्या आणि एसी थ्री-टियरच्या प्रवाशाला ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते. पण रेल्वे चालते म्हणून आपली पाठ चालेलच असे नाही. देशांतर्गत विमानात साध्या वर्गाच्या प्रवाशाला हातातल्या बॅगेसाठी साधारणपणे ७ किलोंची मर्यादा असते. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून ११५ सेंटिमीटरच्या आत असावी लागते. मी रेल्वेने जाणार असलो तरी हीच मर्यादा धरली आहे. ७ किलोंत बसलेली बॅग बसच्या रॅकवर, बर्थखाली आणि विमानाच्या डोक्यावरच्या कप्प्यात सगळीकडे मावते. आपल्यापैकी गुवाहाटीकडचे आणि कोचीकडचे काही जण सुट्टीत विमानाने जातात. त्यांना तर ही मर्यादा पाळावीच लागते.

बॅग : रिकामी असतानाच वजन करा

चाकांची कडक ट्रॉली दिसायला रुबाबदार असते, पण छोटी ट्रॉलीसुद्धा रिकामी अडीच-तीन किलोंची भरते. म्हणजे ७ किलोंतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग रिकाम्या बॅगेनेच खाल्ला. शिवाय स्टेशनाच्या जिन्यावर चाकांचा उपयोग नाही, तिथे ट्रॉली हातातच उचलावी लागते. ३५ ते ४० लिटरची साधी सॅक किलो-सव्वा किलोत मिळते. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. खांद्याचे पट्टे रुंद असावेत, कमरेला पट्टा असावा आणि चेन सूटकेससारखी तीन बाजूंनी उघडावी. फक्त वरून उघडणाऱ्या सॅकमध्ये तळाचा मोजा काढायला सगळा संसार प्लॅटफॉर्मवर मांडावा लागतो.

आपली काळी लोखंडी ट्रंक आणि होल्डॉल वाईट नाहीत. ती सत्रभर एका जागी राहण्याची व्यवस्था आहे. त्यांना प्रवासाला न्यायचे नाही, एवढेच.

कपडे : वाळण्याचा वेग पाहा

रोज धुवायचे ठरले की कपड्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे लवकर वाळणे. सुती धागा पाणी आत शोषून घेतो, पॉलिएस्टरचा धागा फारच कमी शोषतो. म्हणून पीटीचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट रात्री धुतला तर सकाळी घालता येतो. जीन्स थंडीत दोन दिवस ओलीच राहते, आणि एका जीन्सचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते. ती घरी राहू द्या. फॉर्मल शर्ट मिश्र कापडाचा घ्यावा, त्याला इस्त्रीही कमी लागते.

पांढरे पीटीचे दोन जोड मात्र हवेतच. मैदानावरच्या गटाच्या चाचण्या आणि अडथळे दोन दिवस चालतात. एक जोड मातीत मळला की दुसरा तयार असला पाहिजे.

टॉवेलच्या बाबतीत आपल्या आजोबांचे शहाणपण उपयोगी पडते. टर्किश टॉवेल अर्ध्या किलोचा असतो आणि दिवसभर ओला राहतो. पंचा पावणेदोनशे ग्रॅमचा, वाऱ्यावर पाहता पाहता वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो आणि गाडीत उशीवर अंथरता येतो. पंचाचा आणखी एक उपयोग आहे. धुतलेला शर्ट पिळून कोरड्या पंचावर पसरायचा, दोन्हींची मिळून गुंडाळी करायची आणि तीच पुन्हा पिळायची. शर्टातले बरेचसे पाणी पंचा ओढून घेतो आणि शर्ट निम्म्या वेळात वाळतो.

थंडीसाठी एका जाड कोटाऐवजी पातळ स्वेटर आणि वर वारा अडवणारे जाकीट असे दोन थर घ्यावेत. ऊब दोन थरांत अडकलेल्या हवेमुळे मिळते. इथल्या डोंगरात दोन्ही घालता येतात, भोपाळच्या दुपारी दोन्ही काढता येतात आणि मिरजेला पोहोचल्यावर दोन्हींची गरज नसते. एसी थ्री-टियरमध्ये चादर, उशी आणि ब्लँकेट रेल्वे देते, म्हणून पांघरूण न्यायचे कारण नाही. त्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदाच मुलाखतीला जाणाऱ्याला या वर्गाचे भाडे परत मिळते. तिकिटाची छापील प्रत जपून ठेवा.

जड वस्तू बॅगेत न ठेवता अंगावर घालायच्या, हा जुना नियम इथेही लागू आहे. चामड्याचे काळे बूट आणि जाकीट अंगावर, पीटीचे बूट सॅकमध्ये. त्या बुटांच्या पोकळीत मोजे भरले की ती जागाही वाया जात नाही.

विजेची साधने

एसएसबीत बहुतेक ठिकाणी मोबाइल जमा करून घेतात. म्हणून साधे मनगटी घड्याळ हवे आणि घरचे फोन नंबर, गाडीची वेळ, पीएनआर हे कागदावर लिहिलेले हवे. चार्जर एकच, दोन तोंडांचा असावा. हल्ली 'गॅन' नावाचे छोटे चार्जर मिळतात. त्यांत सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइड वापरलेले असते. हा पदार्थ वीज फार वेगाने चालू-बंद करू शकतो. त्या वेगामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो आणि उष्णताही कमी निर्माण होते, म्हणून चार्जर काडेपेटीहून थोडाच मोठा असला तरी चालतो.

पॉवर बँक १०,००० एमएएचची पुरते. अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे सॉकेट बंद ठेवतात, तेव्हा तिचा उपयोग होतो. विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, खाली पाठवायच्या सामानात चालत नाही. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये ते लगेच लक्षात येते आणि विझवता येते, सामानाच्या कोठारात ते कोणी पाहणार नाही. परवानगीशिवाय न्यायची मर्यादा १०० वॅट-तास आहे. हिशेब सोपा आहे : १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास, त्याला ३.७ व्होल्टने गुणले की ३७ वॅट-तास. २०,००० चीही ७४ वॅट-तासांतच बसते, पण वजन जवळपास दुप्पट.

खाणे आणि कागद

द्रव पदार्थांपेक्षा वडी बरी. आंघोळीच्या साबणाची एक वडी अंगाला आणि मोज्यांना दोन्हीला चालते, आणि ती सांडत नाही. घरून परत येताना आईने दिलेल्या दुधातल्या दशम्या दोन दिवस टिकतात. त्या स्टीलच्या डब्याऐवजी फडक्यात बांधल्या तर पाव किलो वजन वाचते. विमानाने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. सुके खोबरे विमानात चालत नाही. त्यात तेल भरपूर असते आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडते. तिखटाची पूड आणि मिरचीचे लोणचेही हातातल्या बॅगेत अडवले जाते.

कागदपत्रे ही बॅगेतली एकमेव वस्तू अशी, की जी हरवली तर बाजारात मिळत नाही. मूळ प्रमाणपत्रे, बोलावणीपत्र आणि फोटो पाणी न शिरणाऱ्या पाकिटात घालून सॅकच्या पाठीकडच्या कप्प्यात ठेवावीत, म्हणजे चालताना आणि झोपताना ती अंगाशीच राहतात. झेरॉक्स प्रती वेगळ्या कप्प्यात.

माझी यादी

मेसच्या कोठारातल्या काट्यावर मी प्रत्येक वस्तू तोलून ही यादी केली आहे. वजने ग्रॅममध्ये आहेत.

सॅक : ११००
फॉर्मल शर्ट दोन : ४५०
पँट एक (दुसरी अंगावर) : ४००
पांढरे टी-शर्ट दोन : ३२०
पांढऱ्या हाफ पँट दोन : ३००
पीटीचे बूट : ६५०
अंतर्वस्त्रे आणि मोजे : ५००
स्वेटर : ४००
रात्रीचे कपडे : ३५०
पंचा : १८०
रबरी चप्पल : ३००
साबण, ब्रश, पेस्ट, दाढीचे सामान : ३५०
कागदपत्रे : ६००
चार्जर, केबल, पॉवर बँक : ४००
कुलूप आणि साखळी : २५०

एकूण ६५५० ग्रॅम. उरलेले ४५० ग्रॅम मेसमधून मिळणाऱ्या पराठ्यांसाठी.

यादीत जे नाही, ते ठरवायला मला जास्त वेळ लागला. तीन जाड पुस्तके, दुसरे जाकीट, तिसरे बूट, छत्री, इस्त्री. यांतली प्रत्येक वस्तू 'असू दे, लागली तर' म्हणून हातात येते. हेच आपल्या बॅगेतले बुणगे. ओळखायची खूण अशी, की ती वस्तू नेमक्या कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी वापरणार हे सांगता येत नाही. सांगता आले तर ती राऊत, बॅगेत घ्या. नाही सांगता आले आणि ती वस्तू कुठल्याही गावच्या बाजारात मिळत असेल, तर ठेवून जा. पेस्ट संपली तर भोपाळात पेस्ट मिळते.

भरण्याची पद्धत

जड वस्तू पाठीला चिकटून, साधारण खांद्याच्या फळीच्या उंचीवर याव्यात. त्या पाठीपासून दूर गेल्या की सॅक मागे ओढते आणि आपण पुढे वाकून चालतो. हलके कपडे तळाशी आणि बाहेरच्या बाजूला. टी-शर्ट गुंडाळून, फॉर्मल शर्ट मात्र पुठ्ठ्यावर घडी घालून. साखळी सर्वांत वर, कारण बर्थवर पोहोचताच तीच आधी लागते.

निघण्याच्या आठवडाभर आधी बॅग भरून पाठीवर घ्या आणि हॉस्टेलचे सगळे जिने दोनदा चढा-उतरा. मग शाळेला एक फेरी मारा. पट्टा कुठे रुततो, कोणती वस्तू पाठीला टोचते, बूट घातल्यावर किती दमायला होते हे सगळे त्या अर्ध्या तासात कळते, आणि बदल करायला आठवडा हातात असतो. मी ही फेरी दर रविवारी नाश्त्यानंतर मारतो. आपल्या हाऊसमधल्या ज्या मित्रांना तारखा आल्या आहेत, त्यांनी आपापली बॅग घेऊन बरोबर यावे. अकरावीतल्यांनीही यायला हरकत नाही. पुढच्या वर्षी या वेळी त्यांच्याच तारखा आलेल्या असतील. कोठाराचा काटा मेस हवालदारसाहेबांना विचारून वापरता येतो.