वैद्यकीय समाजशास्त्र

वैद्यकीय समाजशास्त्र ही आरोग्य, आजार, उपचार आणि वैद्यकीय व्यवसाय यांचा सामाजिक अंगाने अभ्यास करणारी समाजशास्त्राची एक शाखा आहे. शरीरात बिघाड कसा होतो, हा वैद्यकशास्त्राचा प्रश्न होय. तो बिघाड कोणाच्या वाट्याला अधिक येतो, त्याला आजार म्हणावयाचे की नाही हे कोण ठरवतो, आजारी माणसाशी समाज कसा वागतो आणि उपचार कोणापर्यंत पोहोचतात, हे या शाखेचे प्रश्न आहेत. वैद्यकशास्त्राचे निष्कर्ष ही शाखा नाकारत नाही. मात्र रुग्ण आणि वैद्य हे दोघेही समाजाचे घटक असल्याने त्यांच्यातील व्यवहार केवळ शरीरशास्त्राच्या आधारे पूर्णपणे उलगडत नाही, असे ती मानते.

संज्ञा व व्याप्ती

या शाखेत 'रोग' आणि 'आजारपण' या दोन संज्ञांमध्ये फरक केला जातो. तपासणीत आढळणारा शारीरिक वा मानसिक बिघाड म्हणजे रोग, तर रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना त्या बिघाडाचा येणारा अनुभव म्हणजे आजारपण. उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीला काहीच त्रास जाणवत नसेल, तर तेथे रोग आहे पण आजारपण नाही. याउलट, सर्व तपासण्या निर्दोष येऊनही एखादी व्यक्ती दुखण्याने अंथरुणाला खिळलेली असू शकते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ व मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी हा भेद विशेष विस्ताराने मांडला. आजाराचे कारण काय आणि त्यावर उपाय कोणता, याविषयी रुग्णाची स्वतःची एक समजूत असते. डॉक्टरची समजूत वेगळी असते. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर योग्य औषधही घेतले जात नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

१९५७ मध्ये रॉबर्ट स्ट्राउस यांनी या शाखेचे दोन प्रवाह सांगितले. वैद्यकशास्त्राला उपयोगी पडावे, त्याच्यापुढील प्रश्न सोडवावेत, या हेतूने केलेले संशोधन हा पहिला प्रवाह. वैद्यकशास्त्र, रुग्णालये आणि डॉक्टर यांनाच अभ्यासविषय करणारे संशोधन हा दुसरा. लोक लस का टोचून घेत नाहीत, हा पहिल्या प्रवाहातील प्रश्न आहे. लस न घेणाऱ्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार कोणाकडे व कसा आला, हा दुसऱ्यातील.

उदय

आजार आणि समाजस्थिती यांचा संबंध एकोणिसाव्या शतकातील युरोपात प्रकर्षाने पुढे आला. इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक यांनी १८४२ मध्ये श्रमिकांच्या वस्त्यांतील अस्वच्छतेविषयी अहवाल सादर केला. १८४५ मध्ये फ्रेडरिक एंगल्स यांचे इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ फिरखो या तरुण डॉक्टरला अपर सायलेशिया (आता मुख्यतः पोलंडमध्ये) या प्रदेशात टायफसच्या साथीची पाहणी करण्यासाठी पाठवले. त्यांनी आपल्या अहवालात औषधांपेक्षा शिक्षण, लोकशाही, स्थानिक भाषेचा वापर, रस्ते, शेतीसुधारणा आणि न्याय्य करपद्धती यांची शिफारस केली. साथीचे मूळ त्यांना दारिद्र्यात आणि राज्यकारभारात दिसले.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरखेम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येसारख्या अत्यंत खाजगी वाटणाऱ्या कृतीचे प्रमाणही धर्म, कुटुंब आणि सामाजिक बंध यांनुसार बदलते, असे आकडेवारीने दाखवले. विद्यापीठीय शाखा म्हणून वैद्यकीय समाजशास्त्राची उभारणी मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, प्रामुख्याने अमेरिका व ब्रिटनमध्ये झाली.

रुग्णभूमिका

टॅल्कट पार्सन्स यांनी १९५१ मधील 'द सोशल सिस्टिम' या ग्रंथात मांडलेली 'रुग्णभूमिका' ही या शाखेतील पहिली महत्त्वाची संकल्पना होय. आजारी पडणे ही केवळ शारीरिक घटना नसून ती समाजाने आखून दिलेली एक भूमिका आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या भूमिकेत दोन सवलती आणि दोन कर्तव्ये येतात. आजारी व्यक्तीला नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून सूट मिळते आणि आजाराबद्दल तिला दोष दिला जात नाही. त्या बदल्यात तिने बरे होण्याची इच्छा धरावी आणि तज्ज्ञाची मदत घेऊन त्याला सहकार्य करावे, अशी अपेक्षा असते. कामावर न येण्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र मागितले जाते, ते या भूमिकेला अधिकृत मान्यता मिळावी म्हणूनच.

या संकल्पनेवर पुढे बरीच टीका झाली. मधुमेहासारख्या आजारात रुग्ण पूर्ण बरा होत नाही. त्याला आजारासह आयुष्यभर काम करावे लागते. शिवाय सूट मिळण्याचा हक्क सर्वांना सारखा नसतो. रोजंदारीवरील मजुराचा एक दिवसाचा आजार म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे असते. ताप अंगावर काढून चूल पेटवणाऱ्या गृहिणीचे आजारपण तर पुष्कळदा घरातही मोजले जात नाही.

वैद्यकीय व्यवसायाचा अभ्यास

डॉक्टर कसा घडतो, याचा शोध घेणारी दोन गाजलेली संशोधने अमेरिकेत झाली. रॉबर्ट मर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांचा 'द स्टुडंट-फिजिशियन' हा ग्रंथ १९५७ मध्ये, तर हॉवर्ड बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांचा 'बॉइज इन व्हाइट' हा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या ग्रंथासाठी संशोधक कॅन्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांबरोबर वर्गात आणि वॉर्डात वावरले. सेवेचे ध्येय घेऊन आलेले विद्यार्थी अभ्यासाच्या ओझ्याखाली परीक्षकांना काय हवे, याचा अंदाज बांधण्यात कसे गुंततात, हे त्यांनी टिपले.

एलियट फ्रायडसन यांनी १९७० मध्ये वैद्यकीय व्यवसायाच्या स्वायत्ततेचे विश्लेषण केले. कोणता त्रास आजार मानावा, त्यावर कोणी उपचार करावेत आणि चूक झाली की नाही हे कोणी ठरवावे, या तिन्ही बाबींचा अधिकार या व्यवसायाने स्वतःकडे ठेवलेला असतो. त्याला ज्ञानाचा आधार आहे, तसाच कायद्याचा व राज्यसंस्थेच्या पाठिंब्याचाही आहे. परिणामी समव्यावसायिकाच्या चुकीवर बोट ठेवण्यास डॉक्टर सहसा कचरतात, असे फ्रायडसन यांचे निरीक्षण होते. भारतात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला. त्यामुळे डॉक्टरच्या सेवेतील त्रुटीची दाद ग्राहक मंचाकडे मागण्याचा रुग्णाचा मार्ग स्पष्ट झाला.

रुग्णालय हाही अभ्यासाचा विषय ठरला. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ मधील 'असायलम्स' या ग्रंथात मनोरुग्णालयाची तुलना तुरुंग व लष्करी छावणीशी केली. स्वतःचे कपडे, वस्तू आणि दिनक्रम काढून घेतल्यावर माणसाची ओळख कशी झिजत जाते, हे त्यांनी दाखवले. बार्नी ग्लेसर व अन्सेल्म स्ट्राउस यांनी १९६५ मध्ये मरणासन्न रुग्णांविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. मृत्यू जवळ आल्याचे रुग्ण, नातेवाईक आणि कर्मचारी या सर्वांना ठाऊक असूनही सगळे मिळून ते ठाऊक नसल्याचे भासवतात, अशी एक अवस्था त्यांनी नोंदवली.

वैद्यकीकरण व कलंक

पूर्वी नैतिक, धार्मिक वा कौटुंबिक मानली जाणारी बाब वैद्यकाच्या कक्षेत येणे, याला 'वैद्यकीकरण' म्हणतात. बाळंतपण, म्हातारपण, व्यसन, मुलांचा अतिचंचलपणा ही त्याची उदाहरणे होत. आयर्व्हिंग झोला आणि पीटर कॉनरॅड यांनी १९७० च्या दशकात ही संकल्पना पुढे नेली. याच काळात, १९७५ मध्ये, इव्हान इलिच यांनी वैद्यकव्यवस्थाच आरोग्याला अपाय करू लागल्याची कठोर टीका केली. उलट प्रक्रियाही घडते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून वगळले; जागतिक आरोग्य संघटनेने तसे १९९० मध्ये केले. माणसे तीच राहिली, बदलली ती यादी.

रोग बरा झाला तरी त्याचा कलंक उरतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे कुष्ठरोग. त्याचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला आणि १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने तो खात्रीने बरा होऊ लागला. तरीही भारतातील व्यक्तिगत कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत टिकून होते.

आरोग्यातील विषमता

इंग्लंडमधील क्षयरोगाचे मृत्यू प्रभावी औषध हाती येण्यापूर्वीच मोठ्या प्रमाणावर घटले होते, असे दाखवून थॉमस मॅकोन यांनी त्याचे श्रेय सुधारलेल्या आहाराला व राहणीमानाला दिले. सायमन श्रेटर यांनी १९८८ मध्ये या मताचा प्रतिवाद करून सांडपाणी, पाणीपुरवठा आदी सार्वजनिक कामांचे महत्त्व पुढे आणले. रोगाचा इतिहास हा केवळ औषधांचा इतिहास नव्हे, यावर मात्र दोघांचे एकमत होते.

ब्रिटनमध्ये १९६७ मध्ये सुरू झालेल्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात सतरा हजारांहून अधिक पुरुष सरकारी नोकरांची पाहणी झाली. सर्वांची नोकरी सुरक्षित होती आणि सर्वांना मोफत वैद्यकीय सेवा उपलब्ध होती. तरीही मध्यम वयात सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. धूम्रपानादी सवयींनी या फरकाचा काही भागच स्पष्ट होत होता. वेल्समधील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये सांगितलेला 'व्यस्त सेवेचा नियम'ही प्रसिद्ध आहे : जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक, तेथे ती सर्वांत कमी मिळते, आणि बाजाराचा प्रभाव वाढेल तसा हा नियम अधिक लागू पडतो.

भारत व महाराष्ट्र

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली व पुढील वर्षी साथरोग कायदा लागू झाला. पुण्यात वॉल्टर रँड याच्या नेतृत्वाखाली सैनिकांकरवी घरांची झडती घेण्यात आली आणि संशयितांना सक्तीने विलगीकरण छावण्यांत नेण्यात आले. या जुलमाविरुद्धचा असंतोष इतका वाढला, की २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. रुग्णाला वेगळे ठेवण्याची गरज दोन्हीकडे होती. परंतु एकीकडे बंदुकीचा धाक होता, तर दुसरीकडे आपुलकी. साथीच्या उपायांचे यश लोकांच्या विश्वासावर अवलंबून असते, हे सांगताना हे उदाहरण उपयोगी पडते. हाच कायदा २०२० मध्ये कोविडच्या साथीत पुन्हा वापरला गेला.

क्षयरोगाबाबत देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातील ग्रामीण भागात केलेले संशोधन १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. खेडुतांना आजाराची जाणीव नसते, ही तोवरची समजूत त्याने मोडीत काढली. निम्म्याहून अधिक रुग्ण आपणहून दवाखान्यात गेलेले होते; तेथे त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठवण्यात आले होते. उणीव रुग्णांच्या जाणिवेत नव्हती, व्यवस्थेत होती.

राणी बंग, अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. त्यांपैकी पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. कुटुंबनियोजन आणि बाळंतपण यांपलीकडे ग्रामीण स्त्रीच्या शरीराकडे आरोग्यव्यवस्थेने पाहिलेच नव्हते, हे या आकड्यांनी उघड केले.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून आगाऊ 'उचल' घेतलेली असते आणि कामाला न गेल्यास 'खाडा' पडून पैसे कापले जातात. फडाजवळच्या पालांवर शौचालय वा पुरेसे पाणी नसते. पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, दुखणे वाढले तर जवळ सरकारी तपासणीची सोय नाही आणि खाजगी दवाखान्यात शस्त्रक्रियेचा सल्ला तत्परतेने मिळतो. अशा स्थितीत तिशीतील स्त्रीही गर्भाशय काढण्यास तयार होते. या निर्णयावर तिची सही असते. परंतु तिच्यापुढे दुसरे कोणते पर्याय होते, हे पाहिल्याशिवाय त्या संमतीचा अर्थ लागत नाही. रुग्णभूमिका नाकारली जाणे, व्यवसायाची सत्ता, वैद्यकीकरण आणि विषमता हे या शाखेचे चारही विषय येथे एकत्र आलेले दिसतात.

अभ्यासपद्धती व मर्यादा

मृत्यू व रोगांची आकडेवारी, घरोघरची सर्वेक्षणे, मुलाखती, रुग्णालयातील प्रत्यक्ष निरीक्षण आणि ऐतिहासिक कागदपत्रे या साधनांचा या शाखेत वापर होतो. आकडेवारीतून प्रमाण कळते, तर मुलाखती व निरीक्षणातून त्यामागील कारणपरंपरा उलगडते. गडचिरोलीसारख्या अभ्यासात शारीरिक तपासणीचीही जोड द्यावी लागते, कारण संकोचामुळे पुष्कळ त्रास सांगितलेच जात नाहीत.

आजार ही समाजाने घडवलेली कल्पना आहे, यावर काही अभ्यासकांनी इतका भर दिला, की वेदनेचे वास्तव बाजूला पडले, अशी टीका या शाखेवर होते. समाजस्थितीचे दोष दाखवले तरी समोर बसलेल्या रुग्णाला आज काय द्यायचे, हे त्यातून कळत नाही, असाही आक्षेप डॉक्टर घेतात. त्यावर अभ्यासकांचे म्हणणे असे, की समोर बसलेला रुग्ण औषध घेऊन ज्या घरी, ज्या कामावर परत जाणार आहे, त्याची माहिती ही उपचाराचाच भाग आहे.