टायर बदलण्याआधी

आकडे काय सांगतात? उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५ ८८ एच. रुंदी १८५ मिमी. बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. रिम १५ इंची. ८८ हा भारांक : एका टायरवर कमाल ५६० किलो. एच म्हणजे वेगमर्यादा ताशी २१० किमी. टी असेल तर १९०.

वय : टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मालिकेतले शेवटचे चार आकडे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. ‘नवा’ टायर घेतानाही हे पाहावेच.

कधी बदलायचा?
• खाचांची खोली १.६ मिमीवर आली की. भारतात कारसाठी हीच कायदेशीर किमान मर्यादा. खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्याशी समतल झाली की मुदत संपली.
• बाजूला फुगा आला असेल तर खोली मोजत बसू नये.

झीज : मधोमध असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना असेल तर कमी, एकाच कडेला असेल तर बहुधा अलाइनमेंट बिघडलेले.

दोनच नवे घेतले तर मागच्या चाकांना बसवावेत, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळत असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली की गाडी सावरणे अवघड.

तुलना : युरोपीय लेबलवर ओल्या रस्त्यावरची पकड आणि इंधनबचत यांना ए ते ई अशी स्वतंत्र श्रेणी असते. टायर किती किलोमीटर टिकेल, हे त्यावर नसते.